तिसरा दिवस भोपाळ

नाववाल्यानं विचारलं, "कहाँ से आए हो आप लोग?" आणि बाबा म्हणाले, "पुणे से."

बस एवढंच झालं. नाववाल्याला काही पडलेली नव्हती. तो वल्हं मारता मारता सगळ्यांनाच विचारत असणार, जसं रिक्षावाले मीटर नसताना गप्पा मारतात तसं. निळूकाका आणि विनिताकाकू खरंच पुण्याहून आलेत, परवा सकाळी स्टेशनवर उतरले, त्यांनी म्हटलं असतं तर ठीक होतं. पण बाबा म्हणाले. आणि आईनं मान डोलावली. इथल्याच बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये माझ्या जन्माच्या आधीपासून राहणारी ही दोन माणसं, मोठ्या तलावाच्या मधोमध, कुणाचा तरी ओला घाम लागलेली नारिंगी लाइफ जॅकेटं घालून बसली होती आणि बिनधास्त पुण्याची झाली होती. नाववाला म्हणाला, "अच्छा, पूना. कैसा लगा हमारा भोपाल?" आणि बाबा म्हणाले, "बढिया है. सफाई है."

सफाई है! माझ्या डोक्यात सणक गेली. म्हटलं आत्ता बोलावं, भैया, ये झूठ बोल रहे हैं, ये यहीं के हैं, इनका राशन कार्ड यहीं का है. पण मी पाण्यात हात घातला. पाणी वरून गरम आणि बोटभर खाली गार होतं, आणि त्याला तो वास होता, शेवाळाचा आणि ओल्या दगडाचा, जो मला शाळेच्या सहलीपासून पाठ आहे. मागच्या बाकावरून काकू म्हणाल्या, "केदार, हात काढ रे, मगर असते ना इथं?" त्यांना कुणीतरी तलावाकाठच्या वनविहारात मगरी आहेत असं सांगितलेलं. त्या तिकडे कुंपणात आहेत काकू, म्हटलं. "तरी पण," काकू म्हणाल्या. काका म्हणाले, "तलाव मोठा आहे, मान्य. पण आमच्या खडकवासल्याला मागं डोंगर आहे. त्याची मजा वेगळी." मी श्यामला हिल्सकडे बोट केलं. काकांनी बघितलं, चष्मा वर करून परत बघितलं. "याला हिल म्हणता? याला आम्ही चढ म्हणतो."

तीन दिवस हेच चाललंय. सांची दाखवलं तर म्हणे कार्ल्याची लेणी. भीमबेटका दाखवलं तर म्हणे ऊन फार. भोजपूरला एवढा मोठा शंकर बघून म्हणाले, "छत का नाही पूर्ण केलं?" जसं काही मी कंत्राटदार होतो. आणि तिसरा दिवस भोपाळ. हा आमच्याकडचा ठरलेला प्रोग्राम आहे. महाराष्ट्रातून कुणी पण आलं की पहिला दिवस सांची, दुसरा भोजपूर-भीमबेटका, तिसरा भोपाळ. आधी मला यात काही विचित्र वाटायचं नाही. आमच्याकडे सगळेच असं बोलतात, आमच्या लाइनमधले, मंडळातले, समोरचे ग्वाल्हेरचे जोशी पण. कारखान्याच्या वसाहतीतून न्यू मार्केटला निघालं तरी म्हणायचं, भोपाळला चाललोय. चौकात बसची वाट बघताना आई म्हणायची, भोपाळला आज गर्दी असेल. मग आपण कुठं राहतो? लहानपणी मी एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, "आपण बरखेड्यात राहतो." आणि बरखेडा कुठंय? "बरखेड्यातच," आई म्हणाली आणि पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. कारण भोपाळला जायचं म्हणजे सोबत डबा. आज पण आणलाय. स्वतःच्या शहरात दशम्या बांधून फिरणारे लोक मी दुसरे कुठं बघितले नाहीत.

खरं म्हणजे चीड पुऱ्यांची नाही. चीड याची आहे की हा तिसरा दिवस आहे आणि मी अजून बोललो नाही. बाबा जुलैअखेर रिटायर होतात. क्वार्टर सोडावं लागणार. काकांच्या सोसायटीत, त्यांच्याच विंगमध्ये, नाडकर्णी नावाच्या गृहस्थांचा फ्लॅट आहे, ते मुलीकडे कॅनडाला चाललेत, त्यांना आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते हवंय. दोन बेडरूम. एक आईबाबांची आणि दुसरीला काका तीन दिवस "केदारची खोली" म्हणताहेत. केदारच्या खोलीला गॅलरी आहे. केदारच्या खोलीतून टेकडी दिसते. केदारच्या खोलीत टेबल कुठं लावायचं ते पण काकूंनी सांगितलं. सोमवारी माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे, काकांच्या ओळखीत, हिंजवडीला. मला कुणी विचारलं नाही. म्हणजे कुणी वाईट पण वागलं नाही, हाच तर वैताग आहे. भांडायला काही मिळेना. सगळे माझ्या भल्यासाठी बोलताहेत आणि मी हसतोय, फोटो काढतोय, तिकिटं काढतोय, इधर से देखिए, उधर से देखिए, साला गाईड झालोय.

नाव परत किनाऱ्याला लागली. उतरताना आईनं बाबांचा हात धरला, आणि मला अचानक कळलं की आईबाबा नावेत बसलेले मी आज पहिल्यांदा बघितले. इतकी वर्षं पाहुणे नावेत बसायचे आणि आई काठावर पर्स सांभाळत उभी राहायची. परवापण बाबा सांचीला स्तूपाभोवती हळू हळू चालत होते, गेल्या वर्षी ते गाडीतच बसून पेपर वाचत होते. म्हणजे हे काकांना दाखवायला आलेच नाहीत. हे स्वतः बघायला आलेत. एकदा बघून घेऊ म्हणतात तसं. आणि मला रागच आला. बघायचं होतं तर इतकी वर्षं काय केलं? फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, भोंगा, वाळवण, गणपती मंडळाची वर्गणी, उन्हाळ्यात पुणे. दर उन्हाळ्यात पुणे. तिथं क्षितिजा, काकांची मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, मी तोंड उघडलं की हसायची. मी "कुठं जाऊन राहिलास?" म्हटलं की ती बिल्डिंगमधल्या सगळ्यांना बोलावून म्हणायची, "ऐका ऐका, हा परत बोलला." आईबाबा घरात एकदम शुद्ध बोलतात, हे मी कुठून आणतो त्यांना कळायचं नाही. मग मी पुण्यात गप्प राहायला शिकलो. जूनमध्ये परत आलं की शाळेत पोरं म्हणायची, "आ गया पूनेवाला!" मला ते आवडायचं. इथं मी कुठूनतरी आलेला होतो. तिथं मी कुठूनच आलेला नव्हतो, मी एमपीचा होतो आणि एमपी म्हणजे त्यांच्यासाठी झोपेत रेल्वेतून जातं ते.

पोह्यांच्या टपरीवर बोलू असं ठरवलं. पोहे आले, वर शेव, बाजूला जिलेबी. काका म्हणाले, "पोह्याबरोबर गोड? हे काय लग्न आहे का?" आणि दोन प्लेटा खाल्ल्या. काकूंना जुन्या शहरातला चहा प्यायचा होता, कुणाच्या तरी रीलमध्ये बघितलेला. पहिल्या घोटाला त्यांचा चेहरा असा झाला की माझा वैताग दोन मिनिटं गेलाच. "मीठ घातलंय की हो चहात! चुकून पडलं वाटतं." चहावाला म्हणाला, "चुकून नहीं, खाला, शौक से डाला है." त्याला मराठी कळत होतं, आणि काकूंना त्यानं मावशीही करून टाकलं होतं. काकू ओशाळल्या, मग म्हणाल्या, "विचार ना रे याला, ते गॅसचं कुठं झालं होतं? जवळच आहे का? बघता येतं का?"

मी कप खाली ठेवला. सगळे विचारतात. कुणी दुसऱ्या दिवशी विचारतं, कुणी जाताना स्टेशनवर, पण विचारतात. बाबांनी दर वेळचं उत्तर दिलं, "ते तिकडे लांब आहे वहिनी, आणि आम्ही त्यानंतर आलो." आम्ही त्यानंतर आलो. जसं जिन्यात काही सांडलेलं असतं आणि आपण म्हणतो आम्ही वरच्या मजल्यावरचे. चहावाला, वय असेल बाबांएवढंच, कप विसळत होता. त्यानं वर बघितलं नाही. मला वाटलं, त्याची माफी मागावी, पण काय म्हणून? मी कोण? त्याच्या हिशेबानं मी पण पुण्याचाच होतो, चौघांच्या मधे उभा, गळ्यात काकांचा कॅमेरा. मी जाताना म्हटलं, "अच्छी थी चाय, चचा." तो म्हणाला, "फिर आइएगा भोपाल." आइएगा! मी इथंच एमपी नगरला ऑफिसला जातो रोज. बीकॉम करून यूट्यूबवर वेबसाइटी बनवायला शिकलो, कुणी शिकवलं नाही, रात्री जागून चुका करत करत, आणि आता आम्ही चार जण मिळून दुकानांच्या, कोचिंग क्लासच्या, एका दाताच्या डॉक्टरच्या वेबसाइटी बनवतो. मोठं काही नाही. पण माझं आहे. यात पुण्याचं काय आहे? आणि खरं सांगायचं तर कारण ऑफिस पण नाही. ऑफिस हे सांगायला बरं पडतं. कारण असं आहे की मला विचार केला तरी पुण्यात स्वतःला सकाळी उठताना बघता येत नाही. खोली दिसते, गॅलरी दिसते, टेकडी पण दिसते, पलंगावर कुणी नसतं.

वनविहारच्या रस्त्यावर, पाण्याच्या कडेनं चालताना, परत ठरवलं. आता. आई बरोबर होती, बाकीचे पुढं अस्वल बघायला. म्हटलं, आई. ती म्हणाली, "तुझ्या खोलीला मी फिकट निळा सांगितलाय. वहिनी पिस्ता म्हणत होत्या. तुला पिस्ता आवडणार नाही, हो ना?" मी म्हटलं, नाही. म्हणजे पिस्ता नाही. ती खूश झाली. पाण्यावर पाणकोंबड्या होत्या, एक बुडायची, मग कुठंतरी भलतीकडे निघायची, आणि मी त्या कोंबडीकडे बघत राहिलो. तीन दिवसांत मी भोपाळवर निदान दहा भाषणं दिली असतील. तलाव कुणी बांधला, वाघ किती, कुठला नवाब, कुठली बेगम. एक वाक्य येईना.

शेवटी टेकरी. मनुआभान टेकरीवरून पूर्ण शहर दिसतं, म्हणून ती प्रोग्राममध्ये शेवटी असते. रोपवेच्या डब्यात काकूंनी डोळे मिटले आणि काकांनी सिंहगडाची आठवण काढली, तिथं असलं काही लागत नाही म्हणे, माणसं पायांनी जातात. वर वारा होता. खाली एका बाजूला तलाव, दुपार कलल्यावर तो ताटासारखा चकाकतो, आणि दुसऱ्या बाजूला घरं, मशिदींचे मिनार, पाण्याच्या टाक्या, झाडं, आणि पार लांब धुरकट पट्टी, जिथं आमचं घर असणार. आई देवळात गेली. काकू सेल्फी काढत होत्या. मी आणि बाबा कठड्याला टेकून उभे होतो आणि काका फोन हातात घेऊन आले.

"दिगू, नाडकर्ण्यांना लावतो फोन. हो म्हणून टाकतो. आणि केदार, सोमवारी शर्ट घाल जरा बरा. कॅमेऱ्यात टी-शर्ट बरा दिसत नाही."

"मी नाही येत," मी म्हटलं.

"देवळात? नको येऊस, मी पण नाही गेलो."

"पुण्याला, काका. मी इथंच राहणार आहे. इंटरव्ह्यू पण नाही देत."

काकांनी आधी बाबांकडे बघितलं, मग फोनकडे, जसं फोनच काहीतरी बोलला. "म्हणजे काय? अरे, इथं आहे काय? हे बघ, तू तरुण आहेस, तुला वाटतं मित्र, ऑफिस. मित्र काय, तिथं होतील. आईबाप साठीला आले. यांनी एकट्यांनी जायचं का?"

"तुम्ही आहात ना तिथं," मी म्हटलं, आणि ते फार उद्धट निघालं. मला तसं म्हणायचं नव्हतं. तीन दिवसांचं सगळं साचलेलं त्या एका वाक्यात गेलं.

"ऐकलंस दिगू? ऐकलंस? हे एमपीचं पाणी."

"दादा, एक मिनिट," बाबा म्हणाले.

तेवढ्यात आई आली, कपाळाला गंध, हातात पर्स. "काय झालं?" काका म्हणाले, "नाही म्हणतोय तुझा लेक. इथंच राहणार म्हणतोय." आई माझ्याकडे बघत राहिली. मी तयार होतो, रडेल म्हणून, ओरडेल म्हणून, काकूंसमोर तमाशा होईल म्हणून. ती कठड्यावर बसली आणि म्हणाली, "मी निळा सांगून बसले." मग, "खाशील काय?"

"आई, अठ्ठावीस वर्षांचा आहे मी."

"वय खातात का? आमटी येते तुला? कुकरची शिट्टी लावता येत नाही. परवा दूध उतू गेलं तर टॉवेलनं पुसलंस." तिचा आवाज शेवटी फाटला. काकूंनी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

मी बाबांची वाट बघत होतो. ते काय करणार ते मला माहीत होतं, किंवा वाटत होतं की माहीत आहे. ते चष्मा काढून पुसणार, बघू म्हणणार, आणि घरी गेल्यावर आठवडाभर बोलणार नाहीत. माझ्याकडे उत्तरं तयार होती. रात्र रात्र जुळवलेली, एकेक मुद्दा. बाबांनी चष्मा काढला. पुसला. "राहशील कुठं?" ते म्हणाले.

हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. "इंद्रपुरीत बघतोय. खोली. एक मित्र सोडतोय."

"कुठला सेक्टर?"

"सी."

"सी नको. पुढच्या रस्त्याला असेल तर झोप येणार नाही, रात्रभर ट्रक. बीमध्ये आतल्या गल्ल्या आहेत, तिथं बघ. खाली किराणा असेल अशी जागा घेऊ नको, उंदीर येतात. मी राहिलोय तिथं."

"कधी?"

"क्वार्टर मिळायच्या आधी. तुझी आई नव्हती तेव्हा. सक्सेना म्हणून होते, त्यांच्या गच्चीवर खोली. उन्हाळ्यात गच्चीवर पाणी मारून झोपायचो. सायकलनं फॅक्टरी. रविवारी पैदल तलावापर्यंत यायचो, बस परवडायची पण चालावंसं वाटायचं. कमला पार्कपाशी बसायचो. उठावंसं वाटायचं नाही."

हे मला माहीत नव्हतं. बाबा चालत तलावापर्यंत, एकटे, माझ्यापेक्षा लहान. मी तो माणूस डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला आणि तो आला, लगेच आला, शर्ट खोचलेला, हातात काही नाही, कमला पार्कच्या भिंतीवर बसलेला. पुण्यातल्या त्या पलंगावर मला मी दिसत नव्हतो आणि हा एवढा स्पष्ट दिसला. मग याला काय झालं? हा कधी उठून गेला तिथून? मला बाबांना गदागदा हलवून विचारावंसं वाटलं, हे आधी का नाही सांगितलं, तीन दिवस मी तुम्हाला काय दाखवत होतो? पण ते आता थांबेनात.

"कोलारला स्वस्त मिळेल, पण ऑफिस लांब. अयोध्या बायपासला हवा चांगली, पण रात्री रिक्षा मिळत नाही. सोनागिरीत आपले गोडबोले आहेत, त्यांना मी विचारतो. ते भाडं जास्त सांगतील, पण माणूस चांगला."

"दिगू," काका म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता, बापूंचा, म्हणजे आजोबांचा, विषय निघाला की येतो तसा. "तू तेव्हा पण असंच केलंस. बापूंनी किती सांगितलं. दोन वर्षांत परत येतो म्हणालास."

"हो," बाबा म्हणाले. "म्हणालो होतो."

"मग आता नाडकर्ण्यांना काय सांगू? वाट बघताहेत ते."

बाबांनी आईकडे बघितलं. आई खाली बघत होती, पर्सची चेन उघडत होती, लावत होती. वारा इतका होता की तिचा पदर सारखा काकूंच्या तोंडावर जात होता आणि काकू तो धरून बसल्या होत्या.

"सांग की आम्ही दोघंच आहोत," बाबा म्हणाले. "म्हणावं, एवढा मोठा नको. त्याच बिल्डिंगमध्ये एका खोलीचा असेल कुणाचा, तर विचार."

काका फोन घेऊन बाजूला गेले. आईनं चेन लावली. मला म्हणायचं होतं, बाबा, मी येत जाईन, दिवाळीला, मे महिन्यात, पण ते मलाच खोटं वाटलं आणि खरं असलं तरी त्यानं काय होणार होतं? बाबा कठड्यावरून वाकून त्या लांबच्या धुरकट पट्टीकडे बघत होते, हात डोळ्यांवर आडवा धरून, काहीतरी शोधत होते.

"आणि खोली बघायला जाशील ना, तर दुपारी चारला जा," ते म्हणाले. "सकाळी सगळ्या खोल्या चांगल्याच दिसतात. पश्चिमेला खिडकी असली तर भिंतीला हात लावून बघ. तापलेली असली तर नको घेऊस. आपल्या क्वार्टरची तापते तशी. तुझ्या आईनं काढली तिथं सगळी वर्षं."